पाकीट कोणी न्यायचं

रविवारी सकाळी जगन्नाथराव वाकणकर दिवाळीची चकली चहात बुडवून खात होते, तेवढ्यात दोह्याच्या विमानतळावरून शरयूचा फोन आला.

"दादा, घात झाला! मताचं पाकीट टेबलावरच राहिलं."

"टेबलावर? अगं, तू ते पर्समध्ये घातलं होतंस ना?"

"घातलं होतं. मग औषधांचा डबा मावेना म्हणून काढलं. आणि डबा घातला, पाकीट राहिलं. मी मेली अशी कशी हो!"

"बरं बरं, आरडाओरडा करू नकोस, आजूबाजूची माणसं बघत असतील. किल्ली आहे माझ्याकडे. उद्या मी स्वतः रॉलीला जाऊन निवडणूक कार्यालयात देऊन येतो. झालं?"

"नक्की?"

"भाऊ कशाला असतो मग?"

शरयू टेंबे त्यांची शेजारीण. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमधल्या त्या टाउनहाउसांच्या रांगेत दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. शरयूला भाऊ नव्हता आणि जगन्नाथरावांना बहीण नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी टेंबे मंडळी इथे राहायला आली, त्याच दिवाळीत शरयूने त्यांना ओवाळलं आणि तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. मधल्या काळात शरयूचे यजमान गेले, मुलगा अवधूत नोकरीसाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला गेला, पण भाऊबीज तशीच राहिली. यंदा तर ती एक दिवस आधीच झाली. सांगलीला थोरल्या बहिणीची बायपास ठरली, मिळेल ते तिकीट घेतलं, आणि शनिवारी दुपारी एका बाजूला बॅगा उघड्या आणि दुसऱ्या बाजूला निरांजन, अशी शरयूने ओवाळणी उरकली. संध्याकाळी जगन्नाथरावांनीच तिला विमानतळावर सोडलं.

आता हे मत तिला एवढं का लागून राहिलं होतं, ते सांगायला हवं.

शरयू सांगलीच्या नगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. निवडणूक आली की शिक्षकांना काम लागतं. शरयूला कायम एकच काम यायचं, मतदाराच्या बोटाला शाई लावायचं. हजारो बोटांना तिने शाई लावली. पण कामाचं केंद्र नेहमी दुसऱ्याच गावाला, त्यामुळे स्वतःच्या केंद्रावर जायला वेळ नसे. कामावरच्या लोकांना टपालाने मत देता येतं, पण त्याचा अर्ज कधी संपलेला असायचा, कधी भरून दिला तरी मतपत्रिका यायची निकालानंतर. एकतीस वर्षांत शरयूने स्वतः दोनदा मत दिलं होतं. पुढे अमेरिकेत येऊन नागरिक व्हायला अठरा वर्षं गेली. या मे महिन्यात तिने शपथ घेतली आणि अडुसष्टाव्या वर्षी ही तिची इथली पहिली निवडणूक.

केंद्रावर जाऊन मत द्यायचं सोडून तिने मुद्दाम टपालाची मतपत्रिका मागवली. "उघड्या पुस्तकाची परीक्षा आहे ही, दादा. तीन आठवडे पेपर घरात! कोण सोडील?" असं म्हणून तिने एक वही केली. गव्हर्नरपासून न्यायाधीशांपर्यंत आणि शिक्षण मंडळापासून मृद्‌संधारणाच्या समितीपर्यंत प्रत्येक नावाला एक पान. प्रत्येकाची माहिती वाचून दहापैकी गुण. एका न्यायाधीशाला तिने साडेचार दिले आणि त्या अर्ध्या गुणावर दोन दिवस विचार केला. असा विचार करता करता तीन आठवडे संपले, आणि खुणा करायला शुक्रवारची संध्याकाळ उजाडली.

नॉर्थ कॅरोलायनात टपालाने मत द्यायचं तर दोन साक्षीदार लागतात. मतदार मत नोंदवताना त्यांनी हजर राहायचं, पण मत कुणाला दिलं ते बघायचं नाही. मग पाकिटावर दोघांनी नाव, पत्ता, सही करायची. जगन्नाथराव आणि त्यांच्या पत्नी शोभनाताई साक्षीदार झाले. टेबलाच्या एका टोकाला शरयू काळ्या शाईने गोल भरत होती आणि दुसऱ्या टोकाला हे दोघं शहाण्या मुलांसारखे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"वळून बघाल तर याद राखा," शरयू म्हणाली.

"मला काय करायचंय बघून? तुझे मार्क मला आधीच पाठ झालेत," जगन्नाथराव म्हणाले.

"अहो, गप्प बसा," शोभनाताई म्हणाल्या. "साक्षीदाराने बोलायचं नसतं."

ओळखपत्राची प्रत घातली, पाकीट चिकटवलं, सह्या झाल्या. आणि तेच पाकीट आता बंद घरात टेबलावर पडलं होतं.

दुपारी अवधूतचा फोन आला. आईने त्यालाही दोह्याहून फोन केला होता.

"काका, तुम्ही एवढ्या लांब कशाला ड्राइव्ह करताय? पोस्टाच्या पेटीत टाका ना. मंगळवारचा शिक्का बसला की झालं."

"इथे नाही चालत तसं."

"चालतं हो. मी इकडे आल्यापासून तेच करतो. इथे बेलव्ह्यूला तर मतपत्रिका आपोआप घरी येते. साक्षीदार नाही, काही नाही. सही केली, पेटीत टाकलं, विषय संपला."

जगन्नाथरावांनी चष्मा लावला आणि पाकिटाबरोबर आलेला सूचनांचा कागद वाचून दाखवला. मंगळवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत पाकीट कार्यालयात पोहोचलंच पाहिजे, शिक्का कधीचाही असो. पूर्वी इथेही तीन दिवसांची सवलत होती. मंगळवारचा शिक्का असला की पाकीट शुक्रवारपर्यंत आलं तरी मोजायचे. गेल्या वर्षी विधिमंडळाने कायदा करून ती सवलत काढून टाकली.

"एकाच देशात?" अवधूत म्हणाला.

"देश एक, राज्यं पन्नास. प्रत्येकाची रीत वेगळी. तुझ्या आजोळी आमटीत गूळ घालायचे का?"

"त्याचा काय संबंध?"

"आमच्याकडे घालतात. तुझी आई नाक मुरडते. तसंच हे."

सोमवारी सकाळी शोभनाताईंच्या डोळ्यांची तपासणी होती. ती आटोपून, जेवून, जगन्नाथराव दोन वाजता शेजारच्या घरात गेले. पाकीट टेबलावर, वहीच्या शेजारी होतं. त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि रॉलीची वाट धरली.

काउंटीच्या निवडणूक कार्यालयात रांग बरीच होती. लोक हातात पाकिटं घेऊन उभे होते. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्या प्रत्येकाचं पाकीट उलटसुलट पाहायच्या, सह्या तपासायच्या आणि मग एक नोंदवही पुढे सरकवायच्या. जगन्नाथरावांच्या पुढच्या तरुणाने दोन पाकिटं दिली, एक स्वतःचं आणि एक बायकोचं. नोंदवहीत मतदाराचं नाव, आणणाऱ्याचं नाव आणि मग एक रकाना होता: मतदाराशी नातं. तरुणाने तिथे 'नवरा' असं लिहिलं, सही केली आणि तो गेला.

जगन्नाथरावांनी मनातल्या मनात आपली ओळ भरून पाहिली. शरयू टेंबे. जगन्नाथ वाकणकर. भाऊ. वाचायला छान वाटलं. मग त्यांचं लक्ष टेबलाच्या कडेला लावलेल्या छापील कागदाकडे गेलं. पाकीट कोण आणू शकतं याची यादी होती. स्वतः मतदार. नवरा किंवा बायको. आई, वडील, भाऊ, बहीण. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं. सासू, सासरे, सून, जावई. सावत्र आईवडील, सावत्र मुलं. किंवा कायद्याने नेमलेला पालक. बाकी कोणी पाकीट आणणं हा गुन्हा आहे, असं खाली लिहिलं होतं. आणि नोंदवहीच्या पानावर सहीच्या वर एक ओळ होती, की वरची माहिती खरी असल्याचं मी सांगतो.

"पुढे या, सर," बाई म्हणाल्या.

खिशातला हात जगन्नाथरावांनी तसाच ठेवला. "मला आधी एक विचारायचंय. भाऊ म्हणजे सख्खाच का?"

"सावत्र असला तरी आपण बोलू. कोणाचं आहे?"

"आमच्याकडे एक सण असतो. बहीण भावाला ओवाळते. एकोणीस वर्षं एक बाई मला ओवाळते आहे. मी तिचा भाऊ आहे, पण आमचे आईवडील एक नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, हे जगन्नाथरावांना आवडलं.

"म्हणजे तुम्ही शेजारी?"

"भिंतीला भिंत."

"माझीही अशी एक बहीण आहे," बाई म्हणाल्या. "चर्चमधली. माझ्या बाळंतपणाला तीच होती. पण तिचं पाकीट मला आणता येणार नाही, आणि माझं तिला. काही वर्षांपूर्वी याच राज्यात पैसे देऊन माणसं दारोदार फिरवली होती, लोकांची पाकिटं गोळा करायला. ती अख्खी निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. त्यानंतर नियम आणखी घट्ट झाले. तुमची बहीण स्वतः येऊ शकेल?"

"ती भारतात गेली."

"मग या यादीतलं कोणीतरी. उद्या साडेसातपर्यंत."

मागे माणसं उभी होती. जगन्नाथराव बाजूला झाले आणि खिडकीपाशी जाऊन थांबले. खरं तर अजूनही काही बिघडलं नव्हतं. बाई थोड्या वेळासाठी उठल्या आणि टेबलामागे दुसरं कोणी बसलं असतं, तर त्यांनी परत रांगेत उभं राहून 'भाऊ' लिहिलं असतं आणि कोणी काही विचारलं नसतं. त्यांना ते खोटंही वाटलं नसतं. पण त्याच पाकिटावर साक्षीदार म्हणून त्यांची सही होती, शेजारचा पत्ता होता. उद्या कोणी विचारलं असतं तर शंका त्यांच्यावर येऊन थांबली नसती, ती शरयूच्या मतावर आली असती. स्वतःच्या नावावर धाडस करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मतावर करणं वेगळं. ते गाडीत येऊन बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की यादीप्रमाणे पाहिलं तर पाकीट नेण्यासाठी उचललं तेव्हाच चुकलं होतं. घरी पोहोचल्यावर आधी ते शेजारच्या घरात गेले आणि पाकीट जिथून उचललं होतं तिथे, वहीच्या शेजारी, सरळ ठेवून आले.

"साक्षीदार चालतो, पण हमाल चालत नाही," सगळं ऐकून शोभनाताई म्हणाल्या. "अजबच आहे."

"अजब नाही. साक्षीदार दोन लागतात, आणि ते मतदाराच्या समोर सही करतात. पाकीट नेणारा एकटा असतो. वाटेत काय करील कोणाला दिसतं?"

"तुम्ही काय करणार होतात वाटेत? पेट्रोल भरणार होतात फार तर." शोभनाताईंनी चहा पुढे ठेवला. "अवधूतला बोलवा."

अवधूतला फोन लागला. त्याने ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "काका, उद्या आमचं सॉफ्टवेअरचं मोठं रिलीज आहे. आणि सहा तास विमानात बसून यायचं, एका मतासाठी? एका मताने काय होणार आहे, यार?"

'यार' त्याच्या तोंडून चुकून निघालं. "सॉरी, काका," तो म्हणाला. जगन्नाथरावांनी फोन ठेवला. आता यादीतलं कोण उरलं? शरयूचे आईवडील कधीच गेले. बहीण सांगलीला. नातवंडं नाहीत. एकच नाव होतं आणि ते दोघांनाही एकदमच आठवलं असावं, कारण शोभनाताईंनी चहाचा कप उगाच बशीत फिरवला.

"सावनी," त्या म्हणाल्या.

सावनी म्हणजे अवधूतची बायको. गेल्या डिसेंबरात दोघं वेगळी झाली. अवधूत बेलव्ह्यूला गेला, सावनी नोकरीमुळे इथेच राहिली, पंचवीस मिनिटांवर. घटस्फोटाचे कागद अजून झाले नव्हते, त्याआधी कायद्याने वर्षभर वेगळं राहावं लागतं, ते पुरं व्हायचं होतं. अवधूतने आईला बजावलं होतं की तिला फोन करू नकोस, उगाच गुंता वाढतो. शरयूने ते ऐकलं. अकरा महिन्यांत एकदाही केला नाही. आणि कायद्याच्या यादीत ती होती. मानलेला भाऊ नव्हता, पण सून होती.

सांगलीला तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते. शरयू जागीच होती.

"दिलंत, दादा?"

"नाही दिलं." त्यांनी यादी सांगितली. बोलताना 'तू माझी बहीण नाहीस असं ते म्हणतात' हे वाक्य टाळायचा त्यांनी बराच प्रयत्न केला, पण त्याला वळसा घालता आला नाही.



"नियम आहे म्हणजे पाळायचा," शरयू म्हणाली. "मीही कितीतरी माणसांना परत पाठवलंय. एक म्हातारे बायकोची चिठ्ठी घेऊन आले होते, ती आजारी आहे, मी तिच्या वतीने देतो म्हणून. पन्नास वर्षांचा संसार त्यांचा. नाही म्हटलं मी." मग आवाज बारीक झाला. "म्हणजे या वेळीही माझं मत जाणार."

"सावनी आहे."

"नाही."

"ऐक तरी."

"काय तोंडाने मागू, दादा? अकरा महिने मी तिची चौकशी केली नाही. तिला ताप आला, तिची नोकरी गेली की राहिली, मला माहीत नाही. आणि आता माझं काम अडलं म्हणून सून आठवली? ती काय म्हणेल?"

"काय म्हणेल ते म्हणू दे. मी करतो फोन."

"तुम्ही नाही करायचा." हे मात्र शरयू वर्गात बोलावं तसं बोलली. "भीड माझी आहे ना? मग मीच मोडीन. आणि तिने नाही म्हटलं तर तिला समजवायला जायचं नाही. शोभनावहिनींनाही सांगा."

जगन्नाथरावांना रात्री झोप बरी लागली, पण मंगळवारी सकाळी सहालाच जाग आली. फोन आला तो आठ वाजता.

"काका, सावनी बोलतेय. आईंच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"आहे ग. तू येतेस?"

"अजून ठरवलं नाही." तिचा आवाज अगदी सरळ होता, ऑफिसमध्ये बोलावं तसा. "तुम्हाला माहीत आहे ना, मी सिटिझन नाही. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला आहे. आमचा वकील सांगतो, इलेक्शनच्या आसपाससुद्धा फिरकू नका. आणि मी तिथे जाऊन सही करायची?"

जगन्नाथरावांनी हा विचारच केला नव्हता. "मला ठाऊक नाही, सावनी. ठाऊक नसताना मी हो म्हणणार नाही. शरयूने सांगितलंय, तुला समजवायचं नाही."

"असं म्हणाल्या?"

"हो."

"मी कार्यालयात फोन करून स्वतः विचारते. मग सांगते."

दहाला फोन नाही. बाराला नाही. शोभनाताईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं पाहिलं. दोन वाजता सावनीचा निरोप आला: कार्यालय म्हणतं, पाकीट पोहोचवणं म्हणजे मत देणं नव्हे, ते फक्त नातं बघतात. वकिलालाही विचारलंय, त्याचं उत्तर यायचंय. चार वाजता दुसरा निरोप: वकील म्हणाला चालेल, फक्त खरं तेच लिही. मीटिंग आहे, सव्वापाचपर्यंत येते.

ती आली पावणेसहाला. घड्याळं रविवारीच एक तास मागे गेली होती, त्यामुळे बाहेर अंधार पडला होता. पूर्वीपेक्षा बारीक झाली होती, केस कापले होते. जगन्नाथरावांनी कुलूप उघडलं आणि दिवा लावला. सावनी दारात क्षणभर थांबली, मग चपला काढून थेट टेबलाशी गेली. पाकिटाशेजारची वही तिने उघडली आणि पहिल्या पानावरचे दहापैकी गुण दिसताच मिटली.

"अजून मार्क देतात?"

"न्यायाधीशांनासुद्धा."

"मला किती दिले होते माहीत आहे? लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात. पुरणपोळीला सहा." तिने वही पालथी घातली आणि पाकीट उचललं. जगन्नाथरावांचा हात सवयीने पुढे झाला. "काका! तुम्ही हात लावायचा नाही."

"हो हो. मी फक्त ड्रायव्हर."

रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. सावनी पाकीट मांडीवर ठेवून, दोन्ही हात त्यावर ठेवून बसली होती. सव्वासहाला त्यांनी निम्मी वाटही कापली नव्हती.

"मी हे अवधूतसाठी करत नाहीये," ती एकदम म्हणाली.

"अवधूतला तर याचं काही वाटतही नाही."

"माहीत आहे. पहाटे आईंनी फोन केला तेव्हा मला वाटलं, कोणी गेलं की काय. तर पहिलं वाक्य काय? 'सावनी, मी तुला अकरा महिने फोन केला नाही, ही माझी चूक. आता माझं एक काम आहे, आणि तू नाही म्हणालीस तरी मी पुन्हा फोन करणार आहे, कामाशिवाय.' मी काय बोलणार?"

जगन्नाथरावांनी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली.

सात वाजायला पाच मिनिटं असताना ते कार्यालयात पोहोचले. रांगेत अकरा माणसं होती. जगन्नाथराव दारापाशी खुर्चीवर बसले. टेबलामागे कालच्याच बाई होत्या. त्यांनी जगन्नाथरावांना पाहिलं, मग सावनीकडे पाहिलं आणि काही विचारलं. सावनीने उत्तर दिलं. बाईंनी पाकीट उलटवलं, सह्या तपासल्या आणि नोंदवही पुढे सरकवली.

सावनीने दोन नावं भराभर लिहिली. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. जगन्नाथरावांना बसल्या जागेवरून फक्त तिची पाठ दिसत होती. बाईंनी घाई केली नाही. मागच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मग सावनी वाकली, तिने लिहिलं, तारीख आणि वेळ घातली, सही केली. बाईंनी पाकीट घेऊन मागच्या बंद पेटीत टाकलं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती.

"झालं?" बाहेर आल्यावर जगन्नाथरावांनी विचारलं.

"झालं. पाकिटावर सगळं बरोबर आहे म्हणाल्या."

ते गाडीपाशी आले आणि सावनीचा फोन वाजला. सांगलीला पहाटेचे पावणेसहा व्हायला आले होते. जगन्नाथराव गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, तरी इकडचं बोलणं थोडं थोडं ऐकू येत होतं. "हो, दिलं... हो, माझ्या समोर पेटीत टाकलं... नाही, काका टेबलाशी आले नाहीत, दारापाशी बसले होते... मावशींचं ऑपरेशन कधी?... बरी आहे मी... हो, नोकरी तीच आहे." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

फोन बंद करून ती गाडीत बसली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती.

"काय म्हणाली?"

"विचारत होत्या, नात्याच्या रकान्यात काय लिहिलंस. म्हटलं, सून. आज तरी तेच खरं आहे."

"मग?"

"मग म्हणाल्या, अक्षर नीट काढलंस ना?"